काच धुणाऱ्या पोलचं पाणी: कॉक आवळू नका, मोटर हळू करा

जळगावात एका तीन मजली शोरूमच्या दर्शनी काचा धुवायचं माझं पहिलं काम. गाडीत ५०० लिटरची टाकी, टाकीशेजारी १२ व्होल्टचा पंप, तिथून ५० मीटर पाइप आणि हातात पोल, म्हणजे आतून पाण्याचा पाइप गेलेली, टोकाला ब्रश आणि नोझल असलेली लांब काठी. पाणी जास्त येतंय असं वाटलं, म्हणून पोलच्या बुडाशी असलेला कॉक अर्धा आवळला. लगेच गाडीतून आवाज सुरू झाला. टक... टक... टक... पंप सुरू होतोय, बंद पडतोय, पुन्हा सुरू होतोय. मी दुर्लक्ष केलं. पंधरा-वीस मिनिटांनी भाचा ओरडत आला, "मामा, गाडीमा पानीच पानी व्हई गयं!" पंपाजवळचा जोड सुटला होता आणि रात्रभर गाळून जमवलेलं पाणी डांबरावरून गटारीकडे निघालं होतं.

त्याआधी मी ठिबक बसवायचं काम करायचो. प्रेशर, फिल्टर, लॅटरल (झाडांच्या ओळीतून जाणारी बारीक नळी) हे शब्द तोंडात बसलेले, तरी पोल हातात आल्यावर चुकलो. म्हणून हा लेख जरा खोलात जाऊन लिहितोय. पोलचं पाणी कमी-जास्त करायचं ते पंपाच्या वेगाने, कॉकने नाही. कॉक फक्त चालू-बंदसाठी. याला जोडून येणाऱ्या बाकीच्या गोष्टी, म्हणजे पाइपचा व्यास, नोझल, वायर, स्विच, ऊन, सगळ्या क्रमाने घेतो.

कॉक आवळल्यावर आत काय होतं

आपण वापरतो तो पंप डायफ्रामचा असतो, म्हणजे आतला रबरी पडदा हलवून पाणी ढकलणारा. फवारणीच्या बॅटरी पंपात असतो त्याच जातीचा, फक्त थोडा दणकट. त्याच्या डोक्यावर प्रेशर स्विच असतो. पुढची वाट बंद झाली, प्रेशर ठरलेल्या आकड्याला पोचलं की स्विच मोटर तोडतो. प्रेशर उतरलं की जोडतो. घरात नळ उघडला की पंप चालावा आणि बंद केला की थांबावा, या कामासाठी तो ठीक आहे.

अर्ध्या आवळलेल्या कॉकने मात्र त्याची पंचाईत होते. पंप मिनिटाला ५ लिटर ढकलतो, कॉक दीड लिटरच सोडतो. उरलेलं पाणी जाणार कुठे? प्रेशर चढतं, स्विच तोडतो. दीड-दोन सेकंदांत कॉकमधून पाणी निघून प्रेशर उतरतं, स्विच जोडतो. दिवसभरात हे हजारो वेळा. दर वेळी स्विचच्या टोकांवर ठिणगी पडते, टोकं काळी पडतात आणि एक दिवस चिकटून बसतात. मग पंप थांबतच नाही आणि सगळ्यात कच्चा जोड सुटतो. शिवाय ब्रशवर पाणी एकसारखं न येता उचकी लागल्यासारखं येतं.

पंपावरच्या चिठ्ठीने पुष्कळ लोक फसतात. "मिनिटाला ५ लिटर, १०० पीएसआय" (पीएसआय हे प्रेशरचं माप) असं लिहिलेलं असतं, पण या दोन गोष्टी एकाच वेळी मिळत नाहीत. ५ लिटर मिळतात तोंड मोकळं असताना, १०० पीएसआय मिळतं तोंड बंद असताना. काम या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी चालतं.

किती पाणी हवं, ते आधी ठरवा

काच प्रेशरने स्वच्छ होत नाही. ब्रशच्या केसांनी मळ सुटतो, पाणी तो वाहून नेतं. गाडी धुण्याच्या फवाऱ्याची सवय असलेल्याला हे पटत नाही, पण तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीवर जोरात पाणी मारलं तर ते फटीतून आत घुसतं आणि मालकाचा फोन येतो.

दर महिन्याला धुतल्या जाणाऱ्या काचेला मिनिटाला एक ते सव्वा लिटर पुरतं. वर्षभर हात न लागलेली, महामार्ग ५३ च्या कडेची, काळ्या मातीचा थर बसलेली काच असेल तर पहिल्या हाताला दीड ते दोन लिटर. दोनच्या वर मी क्वचितच जातो.

मोजमाप सोपं आहे. पोल आडवा ठेवा, ब्रश बादलीवर धरा, दोन्ही नोझलचं पाणी बादलीत पडू द्या आणि मोबाइलवर एक मिनिट लावा. मग बादलीतलं पाणी लिटरच्या बाटलीने मोजा. किंवा बादलीत आधीच एक लिटरची खूण करा आणि तिथपर्यंत भरायला किती सेकंद लागतात ते बघा. ४० सेकंद लागले तर मिनिटाला दीड लिटरचा वेग. ६० सेकंद लागले तर एक लिटरचा. नुसत्या नजरेने अंदाज करू नका. नोझलमधून उडणारी धार लांब दिसली म्हणून पाणी जास्त असतं असं नाही. भोक बारीक असेल तर थोडं पाणीही लांब उडतं.

हा हिशोब आपल्याकडे जास्तच महत्त्वाचा. पोलने धुतलेली काच पुसायची नसते, ती तशीच वाळू द्यायची असते. म्हणून पाण्यात क्षार चालत नाहीत. टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारं यंत्र) आकडा १० च्या आत हवा, शून्य असेल तर उत्तम. बोअरचं पाणी थेट वापरलंत तर धुतल्यानंतर काच धुण्याआधीपेक्षा वाईट दिसेल, पांढरे ठिपके ठिपके. खानदेशात अनेक शहरांत नळाला पाणीच काही दिवसांआड येतं. त्यातून आरओ लावायचा, नंतर डीआय रेझिनच्या, म्हणजे उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांच्या, नळकांड्यातून गाळायचं. घरगुती ७५ गॅलनचा आरओ दिवस-रात्र चालवला तर तासाला जेमतेम १२ लिटर देतो. ४०० लिटर भरायला दीड दिवस जातो! मी गावातल्या जारच्या प्लँटमधून पाणी घेतो आणि गाडीत भरताना रेझिनमधून काढतो. तिथेही प्रत्येक लिटरमागे आरओचं वाया जाणारं पाणी आहेच. दीड लिटरचं काम तीन लिटरने केलं तर निम्मं पाणी नुसतं भिंतीवरून ओघळतं. रेझिनही निम्म्या दिवसांत संपतं.

प्रेशर कुठे कुठे खर्च होतं

ठिबकवाल्या माणसाला हे समजावावं लागत नाही. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत मोटर विहिरीवर दोन किलो प्रेशर दाखवते, पण शेवटच्या झाडाशी ते उरतं का, हा खरा प्रश्न असतो. भवरलाल जैन यांनी जळगावात ठिबक रुजवलं, त्यामुळे आमच्या भागात दहावी नापास पोरगाही लॅटरल लांबली की प्रेशर पडतं हे सांगू शकतो. पोलचंही अगदी तसंच. ब्रश म्हणजे शेवटचं झाड.

आपण प्रेशर "किलो"त बोलतो, तेच धरू. एक किलो म्हणजे साधारण १० मीटर पाण्याची उंची, किंवा १४ पीएसआय. आता मिनिटाला दीड लिटर पाणी तीन मजल्यांवर चढवायचा हिशोब बघा. उंची १० मीटर, म्हणजे एक किलो तिथेच गेला. हा खर्च पाणी कमी करा की जास्त करा, बदलत नाही. जमिनीवरचा ५० मीटर पाइप ८.५ एमएमचा असेल तर त्यात सुमारे पाव किलो. पोलच्या आतला १२ मीटर पाइप, आतून ५ एमएमचा, त्यात अर्ध्या किलोपेक्षा थोडं जास्त. दोन एमएमच्या दोन नोझलमध्ये दीडशे-दोनशे ग्रॅम. बेरीज दोन किलो, तीसच्या आसपास पीएसआय. पंप १०० चा आहे, म्हणजे घाबरायचं कारण नाही.

आता तेच तीन लिटर करून बघा. पाणी दुप्पट झालं की पाइपातलं घर्षण दुप्पट होत नाही, साधारण साडेतीन पट होतं. बेरीज साडेचार किलोच्या आसपास जाते. म्हणजे जास्तीच्या दीड लिटरसाठी पंपाला दुपटीहून जास्त जोर लावावा लागतो, अँपिअर वाढतात, बॅटरी दुपारीच बसते.

पाइप निवडताना हेच ध्यानात ठेवा. कृषी केंद्रात मिळणारा फवारणीचा ८.५ एमएमचा जाड पाइप जमिनीवरच्या लांबीसाठी उत्तम. स्वस्त, प्रेशरला पक्का, ५०-१०० मीटरच्या गुंडाळीत मिळतो. फक्त नवा घ्या. शेतात वापरलेला पाइप किंवा फवारणी पंप कितीही धुतला तरी नको. कपाशीवर मारलेल्या औषधाचा अंश लोकांच्या खिडक्यांवर, तुमच्या हातावर आणि खाली खेळणाऱ्या पोरांवर पडेल. बागेचा अर्ध्या इंची पाइप जड पडतो, ५० मीटरमध्ये सहा लिटरच्या आसपास पाणी धरतो आणि उन्हात फुगतो. फुगलेला पाइप म्हणजे फुगाच: कॉक बंद केल्यावर पाणी आत दाबून ठेवतो आणि उघडला की भसकन सोडतो.

पोलच्या आत काही जण आरओचा पाव इंची पाइप घालतात, कारण तो घरातच पडलेला असतो. तो आतून चार एमएमच्या थोडाच वर असतो. १२ मीटरमध्ये एकटा सव्वा किलोच्या वर खातो. त्याऐवजी कॉम्प्रेसरच्या हवेसाठी मिळणारा निळा पीयू पाइप घ्या, बाहेरून ८, आतून ५ एमएम. लवचिक असतो, पोल आत-बाहेर करताना मुडपत नाही.

जोडणी: बॅटरीपासून ब्रशपर्यंत

पाण्याची वाट अशी: टाकी, गाळणी, पंप, रोटामीटर, पाइपचा रोल, पोलच्या बुडाशी कॉक, पोलमधला पाइप, ब्रशजवळ टी आणि दोन नोझल.

पंप टाकीच्या तळाच्या पातळीत किंवा खाली बसवा. तो पाणी ओढू शकतो, पण ओढायला लावू नये. टाकी ते पंप हा तुकडा जाड, कडक आणि आखूड ठेवा. त्या बाजूचा जोड जरा जरी ढिला असेल तर पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. त्यामुळे गळती दिसत नाही, ब्रशवर मात्र फुस्स-फुस्स होतं. इथे टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळा आणि क्लॅम्प घट्ट आवळा. गाळणी पंपाच्या आधी, आणि ती उघडून धुता येईल अशा जागी. जिनिंगच्या आवारात काम असेल तर टाकीचं झाकण उघडं टाकू नका. कापसाचं तूस गाळणीवर असं बसतं की जणू वाकळ.

रोटामीटर म्हणजे आरओ प्लँटवर दिसणारी उभी पारदर्शक नळी, आत वर-खाली होणारा गोट असलेली. मिनिटाला अर्धा ते चार लिटर दाखवणारी घ्या. डायफ्राम पंपामुळे गोट थोडा थरथरतो, मधला आकडा धरायचा. हे यंत्र हवंच असं नाही, पण ब्रश तिसऱ्या मजल्यावर असताना तिथे बादली धरता येत नाही, तेव्हा याच्यासारखा साक्षीदार नाही.

आता वीज. बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभर अंतरावर १० अँपिअरचा फ्यूज. तिथून स्विच, स्विचपासून मोटर स्पीड कंट्रोलर, कंट्रोलरपासून पंप. मायनसही कंट्रोलरमधूनच. वायर तांब्याची, अडीच एमएमची. बारीक वायरमध्ये व्होल्ट गळतात आणि आपण पंपाला दोष देत बसतो.

कंट्रोलर घ्यायचा तो डीसी मोटरचा, पीडब्ल्यूएम पद्धतीचा, १२ व्होल्टला चालणारा आणि निदान १० अँपिअरचा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतो. बॅटरीच्या फवारणी पंपावर वेग कमी-जास्त करायची गोल घुंडी असते ना, त्याचंच मोठं भावंड. तो मोटरला वीज तुकड्या-तुकड्यांत देतो, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद. मोटरला वाटतं वीजच कमी आहे, ती हळू फिरते आणि पाणी कमी ढकलते. प्रेशर चढून स्विचला तोडायची वेळच येत नाही. पंख्याचा रेग्युलेटर मात्र लावू नका. एकाने लावला होता. तो एसीचा असतो, इथे त्याचं काही काम नाही.

प्लस-मायनस उलटं लागलं तर कंट्रोलर क्षणात जातो, धुराचा वासही येतो. जोडण्याआधी टोकांवर लाल-काळी टेप गुंडाळा. कंट्रोलर झाकणाच्या डबीत, पंपापेक्षा उंचावर आणि वारा लागेल असा बसवा.

इलेक्ट्रॉनिक्सवर भरवसाच नसेल तर जुना शेतकरी उपाय आहे, बायपास. पंपानंतर टी लावा, एक वाट पोलकडे, दुसरी कॉकमधून परत टाकीत. विहिरीवरच्या मोटरला ठिबकचं प्रेशर जास्त झालं की आपण हेच करतो. ब्रशकडे पाणी जास्त वाटलं तर परतीचा कॉक उघडायचा. टकटक बंद होते, पंप सुखात राहतो. खोट एवढीच की पंप सतत पुऱ्या वेगाने पळतो आणि बॅटरी खातो. कंट्रोलरवर हळू चालणारा पंप साधारण दोन-तीन अँपिअर घेतो. बायपासवर पाचच्या पुढे. पण कंट्रोलर कामावर जळाला तर बायपास दिवस निभावून नेतो, म्हणून मी टी बसवून ठेवलाय आणि तो कॉक एरवी बंद असतो.

२३० व्होल्टचा पंप लावून त्याची वायर इमारतीतून ओढायची कल्पना डोक्यातून काढून टाका. ओली जमीन, ओले हात आणि हातात लांब पोल.

प्रेशर स्विच खाली आणा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग "कंट्रोलर लावला तरी मोटर गरम होते" म्हणतात.

पंपासोबत आलेला स्विच १०० पीएसआयला तोडायला लावलेला असतो. आपण पंप हळू चालवतोय. हळू चालणाऱ्या पंपाच्या अंगात १०० पर्यंत चढायचा दमच नसतो. तुम्ही कॉक बंद केलात की प्रेशर शंभरच्या आधीच कुठेतरी थांबतं आणि मोटर तिथेच अडकते, फिरत नाही, पण वीज घेत राहते. हलका "हूं" असा आवाज येतो. शिडी सरकवायला, चहा घ्यायला पाच-दहा मिनिटं कॉक बंद ठेवला तर तेवढ्यात ती चटका लागेल इतकी तापते.

उपाय स्विचच्या डोक्यावरच्या छोट्या स्क्रूत आहे. बहुतेक पंपांत तो घड्याळाच्या उलट फिरवला की तोडण्याचं प्रेशर कमी होतं. पाव-पाव आटा फिरवा. ब्रश जोडलेला, पाइप पाण्याने भरलेला, कंट्रोलर रोजच्या कामाच्या खुणेवर. कॉक बंद करा आणि गाडीशी कान द्या. दोन-तीन सेकंदांत मोटर पूर्ण गप्प झाली पाहिजे. हूं ऐकू आलं तर अजून पाव आटा. मग कॉक उघडा, पोल पूर्ण उंचीवर न्या, दोन मिनिटं पाणी सोडा. या वेळी टक-टक आली तर जास्त उतरवलंत, थोडं परत चढवा. वर केलेल्या हिशोबात दोन लिटरला पावणेतीन किलो, म्हणजे चाळीसच्या आतलं प्रेशर लागतं. त्यामुळे स्विच ५० ते ६० पीएसआयच्या दरम्यान बसला की दोन्ही बाजू सांभाळल्या जातात.

आकडे दाखवणारे तयार कंट्रोलरही मिळतात, खास याच कामासाठीचे. ते मोटर किती वीज ओढते यावरून वाट बंद झाल्याचं ओळखतात आणि पंप थांबवतात. त्यांना तुमचा पाइप आणि नोझल एकदा शिकवावं लागतं. रोजचा वेग लावा, पाणी वाहू द्या, मग त्याची कॅलिब्रेशनची पायरी करा. फार नाजूक लावलं तर पाणी वाहत असतानाही "वाट बंद" म्हणून थांबेल. फार बोथट लावलं तर कॉक बंद केला तरी थांबणार नाही. पाइपची लांबी बदलली, नोझल बदललं किंवा हवेत मोठा फरक पडला की पुन्हा शिकवा. डिसेंबरच्या पहाटे धुळ्याकडे पाइप आखडतो, पाणीही जरा जडपणे वाहतं. उन्हाळ्यात लावलेली खूण तेव्हा चालत नाही.

घुंडीवर मजले लिहा

कंट्रोलरची घुंडी शून्यापासून हळूहळू चढवू नका. अगदी कमी विजेवर मोटर फिरत नाही, नुसती तापते. सुरुवात साधारण एक तृतीयांशापासून करा, मोटर निर्धोक फिरायला लागते तिथे मार्करने एक रेघ मारा. त्याच्या खाली कधी जायचं नाही.

मग पोल तळमजल्याच्या उंचीवर धरा, रोटामीटरवर सव्वा लिटर येईपर्यंत घुंडी फिरवा आणि तिथे "त" लिहा. पोल दुसऱ्या मजल्यापर्यंत चढवा. गोट खाली उतरेल, कारण उंचीने प्रेशर खाल्लं. घुंडी वाढवून पुन्हा सव्वा लिटर, तिथे "२". तसंच "३". रोटामीटर नसेल तर टाकीच्या बाजूला पारदर्शक नळी लावून लिटरच्या खुणा करा आणि दहा मिनिटांत किती उतरलं ते बघा.

काम वरून खाली करायचं असतं, त्यामुळे दिवसाची सुरुवात "३" वर होते आणि खाली येताना घुंडी मागे आणायची. हे विसरलं की तळमजल्याच्या काचेवर पाण्याचा पाट वाहतो. माझा भाचा नेमका हेच विसरतो.

दोघांना एकाच पंपावर चालवायचा मोह आवरा. एकाने कॉक बंद केला की दुसऱ्याच्या ब्रशवर एकदम जोर येतो, त्याने बंद केला की याच्यावर. टाकी एक, पंप आणि कंट्रोलर दोन.

ब्रशजवळ

नोझलची दोन्ही भोकं सारखी हवीत, दीड ते दोन एमएम. एक तुंबलं तर सगळं पाणी दुसऱ्यातून जातं आणि काचेवर एका बाजूला कोरडा पट्टा राहतो. सुई किंवा बारीक तारेने साफ करा, पण खरवडून भोक मोठं करू नका.

काच कशी आहे त्यावर पाणी ठरतं. काही काचांवर पाण्याची सलग चादर पसरते. तिथे एक लिटरही पुष्कळ आणि घासून झाल्यावर ब्रश थोडा उचलून धुतलं तरी चालतं. काही काचांवर, विशेषतः लेप दिलेल्या, पाण्याचे थेंब-थेंब होतात. तिथे ब्रश काचेला टेकवूनच धुवा आणि घुंडी थोडी वाढवा, किंवा पंख्यासारखं पाणी पसरवणारी नोझल लावा. सोलर पॅनेललाही हीच नोझल बरी. छपरावरच्या पॅनेलसाठी पोल जवळजवळ आडवाच असतो. टाकी-पंप छपरावरच असतील तर घुंडी "त" च्या जवळ पुरते, पण पंप खाली गाडीत असेल तर छपराची उंची धरूनच घुंडी लावा.

आणि तारा. कार्बनचा पोल वीज वाहून नेतो, फायबरग्लासचा ओला झाला की त्याच्यावरही विश्वास नाही. आपल्या बाजारपेठांत ११ केव्हीच्या तारा दुकानांच्या माडीला घासत गेलेल्या असतात. तार जवळ असेल तर ते काम पोलने करायचंच नाही, कितीही पैसे मिळोत. पोल चढवण्याआधी मान वर करून पूर्ण वळण घ्या.

मे महिन्याचं वेगळं

भुसावळ-जळगावात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा वरचं बरंचसं गणित थोडं सरकतं. काच इतकी तापलेली असते की पाणी ओघळायच्या आत वाळतं आणि सुटलेला मळ तिथेच चिकटतो. पाणी वाढवून हे काही अंशी सुटतं, पण खरा उपाय घड्याळात आहे. सकाळी सहाला सुरू करा. सकाळी पश्चिमेच्या काचा, उन्हं कलली की पूर्वेच्या. तापलेल्या काचेवर एकदम गार पाणी पडलं तर ती तडकू शकते, रंगीत काच जास्तच. दुपारी बारा ते चार पोल गुंडाळून ठेवा.

पाइप उन्हात पडला की मऊ होतो, फुगतो, जोडांवरून सरकायला बघतो. सावलीच्या कडेने न्या, आणि दुपारच्या सुट्टीत नुसता कॉक बंद करून जाऊ नका. पंपाचा स्विच बंद करा, मग कॉक उघडून आतलं प्रेशर सोडून द्या. माझा तो पहिला जोड सुटला त्यात टकटकीचा जितका हात होता, तितकाच उन्हाचा.

पाणी कमी झालं तर

एकदम पंप उघडू नका. आधी पोलच्या बुडाशी पाइप सोडा आणि जमिनीवर किती पाणी येतं ते बघा. तिथे भरपूर असेल तर दोष वर आहे: नोझल, टी, किंवा पोलच्या जोडात मुडपलेला पाइप. तिथेही कमी असेल तर पंपाच्या तोंडाशी सोडून बघा. तिथे भरपूर असेल तर मधल्या ५० मीटरमध्ये कुठेतरी कोणाच्या मोटरसायकलचं चाक पाइपवर उभं आहे. गंमत नाही, निम्म्या वेळा हेच निघतं. पंपाच्या तोंडाशीही कमी असेल तर गाळणी, मग टाकीकडचा जोड, मग बॅटरी.

बॅटरी मोजायची ती पंप चालू असताना. बंद पंपाला १२.६ व्होल्ट दाखवणारी थकलेली बॅटरी भार पडला की ११ च्या खाली घसरते. ४० अँपिअर-अवरची बॅटरी कंट्रोलरवर दिवस काढते, फक्त ती निम्म्याच्या खाली उतरवू नका.

पंप फिरतो, आवाज नेहमीसारखा, पण पाणीच नाही, तर आत हवा अडकली आहे. ब्रशकडचा कॉक पूर्ण उघडा, घुंडी पूर्ण चढवा, अर्धा मिनिट थांबा. तरीही नाही आलं तर पंपाच्या झडपेत कचरा आहे. चार स्क्रू काढून धुवायची वेळ.

संध्याकाळी टाकीत उरलेलं पाणी तसंच राहू द्या, झाकण घट्ट. पाइप गुंडाळण्याआधी पंप बंद, कॉक उघडा, ब्रश खाली, म्हणजे पोलमधलं पाणी निघून जातं आणि उद्या पोल हलका लागतो. गाळणी उघडून झटकायची. घुंडी मागे, मारलेल्या रेघेवर. बॅटरी रात्रभर चार्जिंगला, आणि चार्जर लावण्याआधी पंपाचा स्विच बंद आहे ना, ते हाताने चाचपून बघायचं.